कुंचल्याच्या वळणाचा देवनागरी फाँट

कुंचल्याने ओढलेली रेघ ओळखू येते. ती सुरू होते तिथे रंग दाट असतो. पुढे ब्रशचे केस सुटत जातात, वळणावर एका बाजूला रंग साचतो, आणि शेवटाकडे रंग संपत आला की मधूनमधून भिंत किंवा कागद डोकावतो. या खुणा पुसून न टाकता मुद्दाम जपल्या आणि त्या अक्षरांचा संगणकावर चालणारा फाँट केला, की तो कुंचल्याच्या वळणाचा, खरखरीत पोताचा शीर्षक-फाँट होतो. पुस्तकातला मजकूर लावण्याचे काम त्याचे नव्हे. थोडे शब्द, मोठा आकार आणि दुरून नजर पडेल अशी जागा, एवढेच त्याचे क्षेत्र: दुकानाची पाटी, नाटकाची जाहिरात, सिनेमाचे नाव, तांदळाची पिशवी, पुस्तकाचे मुखपृष्ठ.

रोमन लिपीत असे फाँट शेकड्यांनी मिळतात, देवनागरीत मात्र मोजकेच. याला बाजार कारण आहे, पण तेवढेच कारण नाही. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. एखाद्याची कड झिजली तरी शेजारच्याला त्याचे सोयरसुतक नसते. देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, मात्रा आणि उकार वर-खाली बसतात, आणि कितीतरी अक्षरांमधला फरक एका लहानशा रेघेवर किंवा फटीवर टिकून असतो. पोत म्हणजे तरी काय, रेघेत पाडलेल्या फटीच. त्या कुठे पाडाव्यात आणि कुठे अजिबात पाडू नयेत, हाच देवनागरी कुंचला-फाँटमधला खरा प्रश्न आहे.

तो समजून घ्यायला ‘बालाघाट’ हे गावाचे नाव पुरेसे आहे. वैनगंगेच्या काठचे हे मध्य प्रदेशातले जिल्ह्याचे ठिकाण. त्याचे नाव चार अक्षरांचे आणि तीन कान्यांचे आहे, जोडाक्षर एकही नाही. पाटी रंगवणाऱ्याला ते सोपे वाटावे. पण कोरड्या ब्रशचा पोत आंधळेपणाने टाकला, तर ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ पुसट होते आणि त्याचा ‘व’ होतो. ‘घ’च्या डाव्या डोक्यावरची शिरोरेषा तुटली की वाचणाऱ्याला ‘ध’चा भास होतो, कारण ‘घ’ आणि ‘ध’, तसेच ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या डोके बंद की उघडे एवढ्यावरच पटकन ओळखल्या जातात. ‘ट’चे उघडे तोंड साचलेल्या रंगाने मिटले तर ‘ठ’ होतो. एवढे सगळे एकाच पाटीवर घडले तर ‘वालाधाठ’ नावाचे, नकाशात कुठेच नसलेले गाव तयार होईल. चांगला पेंटर हे न शिकवता सांभाळतो. पोटातली रेघ तो भरल्या ब्रशने ओढतो आणि रंग संपत आलेला ब्रश लांब, बिनधोक्याच्या उभ्या रेघेसाठी राखून ठेवतो. फाँट करणाऱ्याला हे शहाणपण प्रत्येक अक्षरासाठी आधीच ठरवून ठेवावे लागते, कारण एकदा फाँट बाहेर पडला की तो कोणता शब्द लिहायला वापरला जाईल हे त्याच्या हातात राहत नाही.

कुंचला आणि अक्षर यांचे नाते जुने आहे. रोमन शिलालेखांतली भारदस्त मोठी अक्षरे छिन्नीने घडवण्याआधी दगडावर चपट्या ब्रशने रंगवली जात, आणि अक्षरांच्या टोकांची वळणे तिथूनच आली, अशी मांडणी एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ साली ‘द ओरिजिन ऑफ द सेरिफ’ या पुस्तकात केली. छापखान्याच्या टाइपात कुंचला उघडपणे आला तो विसाव्या शतकाच्या मध्याला. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ यांचा ‘ब्रश स्क्रिप्ट’ १९४२ साली आला, तर फ्रान्समध्ये रॉजर एक्सकोफाँ यांचा ‘मिस्ट्राल’ १९५३ साली आणि ‘शोक’ १९५५ साली. यांतल्या ‘मिस्ट्राल’मध्ये एक्सकोफाँ यांनी सुट्या शिशाच्या टाइपांतली अक्षरे एकमेकांना अशी जोडली, की ओळ एका हाताने सलग लिहिल्यासारखी दिसावी. देवनागरीच्या शिरोरेषेचा प्रश्न याच जातीचा आहे, फक्त अधिक हट्टी.

देवनागरीचे मूळ वळण कुंचल्याचे नसून बोरूचे आहे. बोरूची कत रोमन टाकाच्या उलट तिरकी कापलेली असते, म्हणून जाड आणि बारीक रेघांची वाटणीही उलट पडते. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखाना नावारूपाला आणला. तिथल्या टाइपांनी हे बोरूचे वळण घोटीव आणि प्रमाणबद्ध करून पिढ्यान्‌पिढ्या वाचकांच्या डोळ्यांत बसवले. पंचांगे, पोथ्या, संस्कृत ग्रंथ यांना तेच शोभत होते. पण रस्त्यावरच्या पाटीला शिशाचा टाइप चालत नाही. फूटभर उंचीचे अक्षर हातानेच काढावे लागे, आणि ते काढणारा हात बोरूऐवजी चपटा ब्रश धरत होता. ब्रशला बोरूसारखी ताठ कत नसते. दाबला की केस फाकतात, उचलला की टोक निमुळते होते. त्यामुळे पाटीवरच्या देवनागरीत बोरूचा सांगाडा राहिला, पण अंग ब्रशचे आले.

महाराष्ट्रात हा हात कलावंताच्या पातळीला नेणाऱ्यांत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता धंद्याचे नावच आडनाव झाले. पुढे ते चित्रपटांकडे वळले आणि आपल्या मूकपटांची भित्तिपत्रकेही त्यांनी स्वतः रंगवली. नंतरच्या पिढीत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीला अक्षरांचा चेहरा दिला. चार बोटे रुंदीच्या जागेत, बहुधा एकाच रंगात, नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, हे त्यांच्या शीर्षकाच्या वळणावरूनच कळे. आपल्या कामाचा लेखाजोखा त्यांनी ‘माझी अक्षरगाथा’मध्ये मांडला आहे. शेडगे यांचे काम कुंचला-फाँटच्या अभ्यासकाला दोन कारणांसाठी पाहावे लागते. एक तर त्यात पोत कधीही उगाच येत नाही. दुसरे म्हणजे ती अक्षरे त्या एका नाटकासाठीच काढलेली असतात. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला ‘र’ दुसऱ्या नाटकाला जसाच्या तसा लावता येत नाही. फाँटला नेमके उलटे करायचे असते: एकच ‘र’ सगळ्यांना पुरवायचा आणि तरी तो हातचा वाटला पाहिजे.

हाताचे वळण आणि यंत्राची शिस्त यांच्यातला पूल बांधण्याचे मोठे काम र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी केले. जाहिरात-व्यवसाय, मुंबईच्या आयआयटीतले अध्यापन आणि नंतर संगणकावरचे अक्षरांकन असा त्यांचा प्रवास आहे. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच. कागदावर मोठ्या ब्रशने मोकळी अक्षरचित्रे काढणाऱ्या माणसाने पडद्यासाठी इतका संयत फाँट करावा, यात विसंगती काही नाही. अक्षराचा सांगाडा ज्याला पक्का ठाऊक तोच त्यावरचे मांस कमी-जास्त करू शकतो. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून आपल्या सुलेखनाला दिलेले वळणही याच परंपरेतले.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाती रंगवलेल्या अक्षरांकडे फाँटकार पुन्हा वळले, आणि त्यामागे थोडी हळहळही होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लेक्सची छपाई स्वस्त होत गेली आणि गावोगावच्या पेंटरांचे काम आटले. हनीफ कुरेशी यांनी २०१० च्या सुमारास ‘हँडपेंटेड टाइप’ हा उपक्रम सुरू केला. त्यात रस्त्यावरच्या पेंटरांकडून वर्णमाला रंगवून घेऊन त्यांचे फाँट केले आणि फाँटला पेंटरचेच नाव दिले. ‘पेंटर कफील’ हा त्यांतला एक. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या फलकांवरून घडला आहे. त्यात बोरूची ४५ अंशांची कत स्पष्ट दिसते, कडा मात्र स्वच्छ आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हस्ताक्षराच्या जवळचा. एक टाइप या मुंबईच्या गटाचा जाडजूड ‘बलू’ गोलाव्यामुळे हातचा वाटतो, पण त्यातही पोत नाही. म्हणजे हाताचे वळण देवनागरी फाँटमध्ये बऱ्यापैकी आले, पण खरखरीत पोत अजून फारसा आलेला नाही. तो का आला नाही हे शिरोरेषेपाशी कळते.

पेंटर शब्द लिहितो तेव्हा आधी सूत मारून वरची आणि खालची रेघ आखतो. शिरोरेषा कोणी आधी ओढून घेतो, कोणी अक्षरे झाल्यावर. पण ती बहुधा शब्दभर एका दमात ओढलेली असते. त्यामुळे डावीकडे ती भरलेली आणि उजवीकडे कोरडी होत जाते. पोत शब्दाचा असतो, अक्षराचा नव्हे. फाँटमध्ये मात्र प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा सोबत घेऊन येते. त्या तुकड्यावर पोत काढला, तर ‘बालाघाट’मध्ये तो प्रत्येक अक्षरावर नव्याने सुरू होतो आणि नव्याने संपतो, आणि शिरोरेषा ठिगळे लावलेल्या चादरीसारखी दिसते. शिवाय सांध्यावर दोन तुकडे थोडे एकमेकांवर चढलेले असतात. चढ ठेवला नाही तर पडद्यावर केसाएवढी पांढरी फट दिसते. ठेवला, आणि अक्षराला अर्धपारदर्शक रंग दिला, तर प्रत्येक सांध्यावर गडद डाग उमटतो.

यावर तीन तोडगे चालतात. पहिला साधा आणि बहुतेक वेळा पुरेसा: शिरोरेषा भरीव ठेवायची आणि पोत तिच्या खाली, लांब रेघांच्या पोटात टाकायचा. दुसरा मेहनतीचा: शब्दाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अशी प्रत्येक अक्षराची वेगळी रूपे काढायची आणि ओपनटाइपच्या नियमांनी ती आपोआप बदलायची, म्हणजे शिरोरेषा खरोखरच उजवीकडे कोरडी होत जाते. पण देवनागरीत जोडाक्षरे धरून अक्षररूपे आधीच शेकड्यांनी असतात, त्यांची तिप्पट करायला सहसा कोणी धजत नाही. तिसरा मांडणी करणाऱ्याच्या हातचा: शब्द लावून झाल्यावर त्याची बाह्यरेषा करायची, शिरोरेषा काढून टाकायची आणि खऱ्या ब्रशने ओढलेली एक सलग रेघ स्कॅन करून वर बसवायची. यात फाँटची सोय जाते, पण चांगल्या भित्तिपत्रकासाठी हाच मार्ग सर्वांत देखणा ठरतो.

शिरोरेषेखालोखाल त्रास देतात त्या उभ्या रेघा. ‘बालाघाट’मध्ये ‘ब’, हिंदी वळणाचा ‘ल’, ‘घ’ आणि तीन काने मिळून सहा उभ्या रेघा एकापाठोपाठ उभ्या राहतात. सहांच्याही कमरेत एकाच ठिकाणी तीच पांढरी चीर असेल, तर हाताचा आभास तिथल्या तिथे संपतो. म्हणून कान्याची किमान तीन-चार रूपे हवीत. दुसऱ्या अक्षरांची पर्यायी रूपे नसली तरी एकवेळ चालते, कान्याची नसून चालत नाही. पहिल्या वेलांटीचे आणखी वेगळेच. ती अरुंद ‘र’वर आणि रुंद जोडाक्षरावर वेगवेगळ्या लांबीने पसरावी लागते, आणि पोत असलेली रेघ ताणली की चिराही ताणल्या जातात. म्हणून प्रत्येक लांबीची वेलांटी वेगळी रंगवूनच घ्यावी लागते. रफार, अनुस्वार, मात्रा ही लहान चिन्हे भरीवच ठेवणे शहाणपणाचे. पोत असलेला अनुस्वार लांबून धुळीचा कण वाटतो, आणि अनुस्वार गेला की शब्दाचा अर्थही जाऊ शकतो.

बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात या कामाला आणखी एक बाजू आहे. १८६७ मध्ये झालेला हा जिल्हा ब्रिटिश काळात मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया इथून सुमारे ४० किलोमीटरवर. लांजी, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यात हिंदी, पोवारी आणि मराठी एकाच बाजारात कानावर पडतात. लिपी सगळ्यांची एकच, पण वळण एक नाही. हिंदीत ‘ल’ उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकतो, मराठीत तो शिरोरेषेपासून लोंबणाऱ्या दोन पाकळ्यांचा असतो. ‘श’चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची प्रमाण रूपे ठरवली. युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना संकेतांक एकच आहे, कोणते रूप दाखवायचे हे फाँटमधल्या भाषेच्या सोयीवर ठरते. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की रूप आपोआप बदलते.

हा बदल कुंचला-फाँटमध्ये केवळ दिखाऊ नसतो. मराठी ‘ल’ घेतला की ‘बालाघाट’मधली एक उभी रेघ कमी होते आणि तिच्या जागी दोन गोल पाकळ्या येतात. सहा खांबांची रांग मधेच मोकळी होते आणि ब्रशला वळायला जागा मिळते. वळणाच्या दृष्टीने मराठी रूप कुंचल्याला अधिक मानवते, हे हिंदी पाटी रंगवणाऱ्यालाही मान्य व्हावे. मात्र पाकळ्यांची पोटे लहान असल्यामुळे त्यांत रंग साचून ती बुजण्याचा धोका असतो, म्हणून जाड फाँटमध्ये पाकळ्या थोड्या फुगवून काढाव्या लागतात.

या फाँटचा उपयोग कुठे करायचा, हे बऱ्याच अंशी मजकुराच्या स्वभावावर ठरते. झाडीपट्टीचे नाटक घ्या. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली, की पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळींचा हंगाम सुरू होतो. त्यांची भित्तिपत्रके भडक, गर्दीची आणि रात्रीच्या मंडईच्या जत्रेत दिव्याखाली वाचायची असतात. तिथे नाटकाचे नाव खरखरीत कुंचल्यात आणि कलावंतांची नावे, गाव, तारीख साध्या फाँटमध्ये, ही वाटणी उत्तम बसते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मालाच्या पिशवीवर हाताचे वळण शोभते, कारण माल मातीचा आणि नाव जागेचे. पण वजन, किंमत, वापराची मुदत यांना हा फाँट लावणे म्हणजे ग्राहकाची थट्टा. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीसाठी मात्र तो सहसा योग्य नाही. विणकराची नजर बारीक आणि रेघ सरळ असते, ब्रशचा धसमुसळेपणा त्या मालाशी जुळत नाही. दवाखाना, बँक, न्यायालय, औषधाची चिठ्ठी इथे तो वापरूच नये.

सध्या सर्वांत जास्त गैरवापर होतो तो ‘देशी’पणाचा शिक्का म्हणून. ढाब्याची पाटी, चहाची टपरी, लोकसंगीताचा कार्यक्रम, ग्रामीण सिनेमा, सगळीकडे तोच भुरकटलेला ब्रश दिसतो. गावातला खरा पेंटर कधी इतका खरखरीत लिहीत नसे. गुळगुळीत, चकचकीत एनॅमल आणि त्याला सुबक सावली, हा त्याचा अभिमान होता. कोरडा ब्रश ही त्याच्या लेखी घाई किंवा गरिबी होती. तिला शैली म्हणून मिरवताना एवढे भान ठेवायला हवे.

छपाईचे माध्यमही पाहावे लागते. बारीक चिरांचा पोत वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरून बुजतो. कापडावर स्क्रीनने छापताना लहान ठिपके जाळीत अडकतात. व्हिनाइल कापणाऱ्या यंत्राला तर असा फाँट देऊच नये. पाते प्रत्येक चिरेभोवती फिरते आणि नखाएवढे शेकडो तुकडे सोलत बसायची वेळ येते. फ्लेक्सवर पोत चांगला उठतो, कारण तिथे अक्षर मोठे असते आणि वाचणारा लांब. पडद्यावर मध्यम आकारातही पोत मळकट दिसतो. तिथे त्याच फाँटची बिनपोताची जोडीची आवृत्ती असली तर मोठ्या शीर्षकाला पोताची आणि लहान उपशीर्षकाला साधी, असे वापरता येते. पोतामुळे बाह्यरेषेवरचे बिंदू कितीतरी पटींनी वाढतात आणि फाइल जड होते. वेबसाइटवर अशा फाँटमधून लागतील तेवढीच अक्षररूपे काढून वापरणे सोयीचे.

शेवटची अडचण छापखान्यातली. मध्य प्रदेशात हिंदीचे काम वर्षानुवर्षे ‘कृतीदेव’ फाँटमध्ये चालत आले आहे, महाराष्ट्रात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ घराघरांत आहे. या दोन्हींच्या जुन्या सांकेतिक पद्धती युनिकोडच्या नाहीत आणि एकमेकींशीही जुळत नाहीत. गोंदियात टाइप केलेला मजकूर बालाघाटच्या यंत्रावर उघडला की अक्षरांची भाजी होते, आणि युनिकोडचा नवा कुंचला-फाँट दोन्हींकडच्या जुन्या फाइलींवर चालत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून, तपासून मगच शीर्षक लावावे. हिंदीपुरता बनवलेला फाँट मराठीसाठी घेण्याआधी ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘ॲड’, ‘बाळ’, ‘शाळा’, ‘लांजी’, ‘कॉलेज’ हे शब्द त्यात मोठ्या आकारात लावून पाहावेत. ‘वऱ्हाड’मधला वळणदार अर्धा ‘र’ नसेल तर त्या जागी हलंत किंवा रिकामा चौकोन येतो. ‘ळ’ बहुधा असतो, पण इतर अक्षरांपेक्षा बारीक किंवा दुसऱ्याच हाताने काढल्यासारखा निघतो. ‘लांजी’त अनुस्वार कान्याच्या डोक्यावर नीट बसतो का, ‘कॉलेज’मधला चंद्र शिरोरेषेला चिकटत तर नाही ना, आणि ‘बाळ’चा ‘ब’ दहा पावलांवरून ‘ब’च वाचला जातो का, एवढे पाहून झाले की फाँट घ्यायला हरकत नाही.